रंजिताचं माहेर

विभागप्रमुख संध्या मॅडमनी निशिगंधाचं नाव घेतलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या जाईने. इतक्या पटकन, की शेजारी बसलेल्या धम्मपालने वळून तिच्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवताना चेहरा कसा ठेवायचा हे तिला येत होतं.

खारघरच्या त्या संशोधन संस्थेत, समाजमाध्यमांवर माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारा एक लहानसा विभाग होता. कोण कोणाशी बोलतं, भांडण कोण लावतं, कोण मिटवतं, अफवा कुठून निघते आणि कुठे विझते, असले विषय. जाईची पीएचडी तिथे संपत आली होती. तिने नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांमधले लाखो मेसेज गोळा केले होते. उद्या पाणी येणार नाही, डोंगरावर बिबट्या दिसला, मुलं पळवणारी टोळी फिरतेय. कुठली अफवा किती वेगाने धावली, याचे तिचे आलेख विभागाच्या भिंतीवर लावलेले होते.

निशिगंधा मढवी तिच्यानंतर बऱ्याच काळाने आली. कोपरखैरण्याच्या जुन्या गावातली मुलगी. खाडीकाठच्या गावांतल्या बायकांचा फेसबुकवर एक बंदिस्त ग्रुप होता, ‘खाडीच्या लेकी’ नावाचा. शेतं गेली, मिठागरं गेली, गावांभोवती शहर उभं राहिलं आणि लेकी लग्नं होऊन कुठे कुठे पांगल्या. त्या सगळ्या तिथे भेटायच्या. सुक्या मासळीपासून सासूपर्यंत सगळं तिथे निघायचं. ग्रुप चालवायची निशिगंधाची सख्खी आत्या, काशी. निशिगंधाने आधी सगळ्या बायकांना आपण काय लिहिणार आहोत ते सांगितलं, त्यांची परवानगी घेतली, आणि त्याच ग्रुपवर अभ्यास सुरू केला.

आता बंगळुरूहून तज्ज्ञ येणार होते. त्यांच्यासमोर विभागातर्फे एकीने काम मांडायचं होतं, आणि ते त्यांना पटलं तर पुढे लिस्बनच्या परिषदेला जायचं होतं. ती एक म्हणजे जाईच, असं सगळे धरून चालले होते. जाईही.

“तुझं काम पक्कं आहे,” मॅडमनी तिला नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं. “आकडे चोख आहेत. पण वाचताना मला त्यात माणूस दिसत नाही गं. निशिगंधाचं वाचताना त्या बायका समोर येऊन बसतात.”

“तिची आत्या अ‍ॅडमिन आहे, मॅडम.”

“मग?”

तो ‘मग’ दिवसभर जाईच्या डोक्यात राहिला.

कँटीनमध्ये निशिगंधाने डबा उघडला. सुका जवळा होता. वास दरवळला तशी चार टेबलांवरची माणसं उठून आली, धम्मपालने तर पोळीचा तुकडा घेऊनच उडी मारली. निशिगंधा मोठ्यांदा हसत होती. तिचं हसणं जाईला आधीपासून माहीत होतं, पण आता ते टोचायला लागलं. ती इंग्रजीत बोलता बोलता मधेच “तसं नाय हाय ते” म्हणून जायची आणि लोकांना ते गोड वाटायचं. जाईने कधी व्याकरणाची एक चूक केली नव्हती आणि त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा अरुणाताई भाजी निवडत होत्या. “तिचं झालं म्हणून तुझं काय गेलं?” त्या म्हणाल्या.

“माझं गेलं, आई. तेच तर गेलं.”

बाबांनी, विलासरावांनी, पेपरातून डोकं वर काढलं आणि पुन्हा आत घातलं.

*

आपण फक्त पडताळणी करतोय, असं जाईने स्वतःला सांगितलं. दुसऱ्याच्या कामात चूक आहे का ते पाहणं हे तर संशोधनाचं कामच. त्या ग्रुपमध्ये कोणीही खोटं सांगून शिरू शकतं, एवढं दिसलं तरी निशिगंधाच्या कामाचा पाया हलणार होता.

दुपारी वाचनालयात बसून तिने नवीन खातं उघडलं. रंजिता ठाकूर. फोटोच्या जागी तिने आभाळ लावलं. ग्रुपमध्ये घेण्याआधी काशीआत्या तीन गोष्टी विचारायची. माहेर कुठलं, आईचं नाव काय, आणि ग्रुपात कशाला यायचंय. कोणालाही तपासता येणार नाही अशी गोष्ट हवी होती. जाई हुशार होती, तिला ती लगेच सुचली. आई तळोज्याकडच्या एका गावातली, नाव हिरा. जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरच्यांनी संबंध तोडले. नाशिकला संसार केला. गावाचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही. आई गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. ‘मला माहेर कसं असतं ते माहीत नाही,’ जाईने शेवटी लिहिलं, आणि लिहिताना तिला स्वतःच्या लेखणीचं थोडं कौतुकही वाटलं.

‘आई गेली’ हे शब्द पडद्यावर असतानाच फोनवर अरुणाताईंचा मेसेज आला. येताना कोथिंबीर आण.

दुसऱ्या दिवशी काशीआत्याने ग्रुपवर लिहिलं: ‘ही आपली रंजिता. हिला माहेर नव्हता. आता हाय.’

आणि मग बायका आल्या. एकामागून एक, बांध फुटल्यासारख्या. ‘ये गो बाय.’ ‘घनसोलीला माझं घर आहे, हक्कानं ये.’ ‘आमच्या पोराची हळद हाय, तू मांडवात बसशील.’ कोणी आईला आवडत असणार म्हणून वालाच्या बिरड्याची कृती धाडली. कोणी विचारलं, जेवलीस का? जाईने इतकी वर्षं इंटरनेटवर माणसांचं वागणं मोजलं होतं. तिने स्वतः काही टाकलं, तर त्याखाली आईचा आणि दोन मैत्रिणींचा अंगठा यायचा. हे असं तिच्याकडे कधी कोणी आलं नव्हतं.

चूक सापडली होती. बाहेर पडून मॅडमना सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण जाई बाहेर पडली नाही. रोज जेवण झालं की ती वाचनालयात त्याच कोपऱ्यात जाऊन बसू लागली आणि रंजिता होऊ लागली.

मग एक दिवस एक आवाजी मेसेज आला. म्हातारा, खरखरीत आवाज होता. मागे कोणीतरी बाई “बोला, बोला, चालू हाय” म्हणत होती.

“रंजिता, मी चांगुनाबाय. सूनबाय फोन धरून उभी हाय. पोरी, माजी बारकी भयन हिरू. तिनी पन असाच लगीन केला नि घर सोडला. बाबानी सांगितला, तिचा नाव घेयाचा नाय. मंग कोनी घेतला नाय. तुजे आयच्या हनुवटीवर गोंदलेला होता का गो? हिरवा?”

जाईने तो मेसेज ऐकला आणि कानातले इअरफोन काढून ठेवले. हिरा हे नाव तिने सहज घेतलं होतं. नाही म्हणायचं, बस. ‘नाही आजी, माझ्या आईच्या हनुवटीवर काही नव्हतं.’ एका ओळीचं काम होतं. चहा पिऊन येऊ आणि लिहू, म्हणून ती खाली गेली.

कँटीनमध्ये निशिगंधा तिचीच वाट पाहत असल्यासारखी उठली.

“जाई, बस ना. तुला एक सांगायचंय. ग्रुपात एक मुलगी आलीये, रंजिता. आईचं गावसुद्धा माहीत नाही तिला. आणि या बायांनी काय केलंय माहितीये? त्यांनी तिचं गाव शोधायला घेतलंय! जुने फोटो काढतायत, म्हाताऱ्यांना विचारतायत. कोणी सांगितलं नाही त्यांना, हां. रक्ताच्या लोकांनी जे तोडलं ते या मोबाइलवर सांधतायत.” तिचे डोळे चमकत होते. “मॅडम म्हणाल्या, हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा आहे. बंगळुरूवाल्यांसमोर हेच मांड.”

“छान,” जाई म्हणाली.

“काय लिहिते गं ती पोरगी! साधं लिहिते, पण आत जातं. मला सारखं वाटतं तिला भेटावं.”

जाईने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या काळात निशिगंधा तिच्याबद्दल कोणाशी असं बोलली असेल का? जाईला भेटावं असं कोणाला सारखं वाटत असेल का? जे निशिगंधाला मिळणार होतं ते जाईने बनवलेलं होतं. ते वाक्य जाईचं, ते दुःख जाईचं, आणि टाळ्या पुन्हा तिलाच. चहा तसाच टाकून ती वर गेली.

रंजिता जितकी खरी होईल, तितकी निशिगंधा उंचावरून पडेल. हा विचार तिला आला, तेव्हा तो नवा वाटला नाही. जणू तो आधीपासून तिथे बसून होता आणि आता फक्त सरकून त्याने जागा करून दिली.

‘हो आजी,’ तिने लिहिलं. ‘हनुवटीवर हिरवे ठिपके होते.’

पलीकडून शब्द आलेच नाहीत. आवाजाचा एक छोटा तुकडा आला, त्यात नुसतं रडणं होतं.

काही दिवसांनी निशिगंधाने रंजिताला खाजगीत लिहिलं. आपण कोण, काय शिकतो, तुझी गोष्ट नाव बदलून मांडली तर चालेल का. ‘नाही म्हणालीस तरी काही बिघडत नाही. तू माझी बहीणच राहशील,’ असं शेवटी होतं. जाईने ते दोनदा वाचलं. तिला रंजिताचा खरोखर राग आला. त्या बिनचेहऱ्याच्या बाईला निशिगंधा बहीण म्हणत होती. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या जाईला ती ‘जाई, प्रिंटरमध्ये कागद आहे का’ एवढंच म्हणायची.

‘लिही. माझी हरकत नाही,’ रंजिताने उत्तर दिलं.

*

निशिगंधा छान बोलली. अडखळली, दोनदा मराठीत घसरली, पण सभागृहात कोणी हाललं नाही. चांगुणाबाईंचा आवाज तिने त्यांच्या परवानगीने ऐकवला, तेव्हा बंगळुरूहून आलेल्या प्राध्यापकांनी चष्मा काढून हातात धरला. संध्या मॅडमच्या चेहऱ्यावर आईला वाटावा तसा अभिमान होता.

प्रश्नांची वेळ आली. जाईने हात वर केला.

“फार सुंदर मांडणी,” ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता. “एकच विचारायचं होतं. ही जी मुलगी आहे, ती खरी आहे हे तू कसं ठरवलंस? तुला तिचा चेहरा माहीत आहे का? आवाज? सगळं प्रकरण एका खात्यावर उभं आहे, म्हणून विचारतेय.”

“मी... त्या बायकांनी तिला खरं मानलं. त्यांनी काय केलं, हा माझा विषय आहे.”

“पण ती खोटी असेल तर त्यांची फसवणूक हा तुझा विषय होईल ना?”

सभागृहात कुजबुज झाली. प्राध्यापकांनी चष्मा पुन्हा घातला. प्रश्न मूलभूत आहे, ते म्हणाले. एवढं मोठं विधान करताना ओळख न पडताळणं हा निष्काळजीपणा आहे. एकतर पडताळा, नाहीतर प्रकरण काढून टाका. लिस्बनचं नंतर बघू. निशिगंधाने मान हलवली. स्टेजवर उभी राहून ती मान हलवत राहिली, समोरचा माणूस बोलायचा थांबला तरी.

जाई त्या दिवशी मेट्रोने न जाता पायी घरी गेली. वाटेत तिने आईसाठी कुल्फी घेतली. कित्येक दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. अरुणाताई म्हणाल्या, “आज स्वारी खुशीत दिसतेय.” आणि ती हसली.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा तिच्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले होते.

“तू विचारलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “खरंच. मीच हुरळून गेले होते. रंजिताला मी फोन नंबर मागितलाय, ती काही बोलत नाही. रविवारी चांगुणाबाईंकडे जाते. तू येशील? तुला ही पडताळणी जमते. मला आता माझ्या डोळ्यांवर भरोसा नाही.”

नाही म्हणायला जाईकडे हजार कारणं होती. पण निशिगंधा पडलेली कशी दिसते, हे जवळून पाहायची तिला इच्छा होती. आणि आपल्याला एवढी इच्छा आहे, हे पाहून तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. “येते,” ती म्हणाली.

*

पेंधरच्या स्टेशनवरून त्यांनी रिक्षा केली. कारखान्यांच्या भिंती सरत गेल्या, नाकात झोंबणारा वास तेवढा सोबत राहिला. मग गाव आलं. जुन्या घरांवर नवे मजले चढलेले, दारात गाड्या, आणि गाड्यांच्या मधल्या जागेत वाळत घातलेले बोंबील. चांगुणाबाई ओट्यावरच बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हनुवटीवर हिरवे ठिपके.

जाईने ते ठिपके पाहिले आणि खाली बघितलं.

“ही माझी मैत्रीण, जाई,” निशिगंधा म्हणाली. “माझ्याबरोबर शिकते.”

“या गो पोरींनो. बसा. पानी आन गो,” त्यांनी सुनेला हाक दिली. मग निशिगंधाचा हात धरून शेजारी बसवलं. “रंजिता नाय आयली?”

“नाही, मावशे. तिच्याबद्दलच थोडं विचारायचं होतं.”

“मना पन विचारायचा हाय. तूच विचार तिला. ती आता बोलत नाय माज्याशी. मी काय वंगाल बोलली का?” चांगुणाबाईंनी पदर सारखा केला. “हिरू कशानी गेली, ता तिनी सांगितला नाय. दुखला का गो तिला लय?”

निशिगंधाने जाईकडे पाहिलं.

“मी दहावा घातला तिचा,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पोर म्हनली कशाला, किती वर्सा झाली. मी म्हनली, मना आता कलला, म्हंजे माज्यासाठी ती आताच गेली. खाडीवर गेलो. भात ठेवला, सुकट ठेवली, तिला आवडायची. कावला शिवला नाय.” त्यांचा आवाज जरा हलला. “उन्ह डोक्यावर आला, तरी नाय शिवला. समोर झाडावर बसलेला, पन खाली नाय उतरला. मी म्हनली, हिरू, तुजे पोरीला मी बगीन, तिला माहेर करीन. तरी नाय. काय राहिला गो तिचे मनात? मी तिच्या मागं गेली नाय, ताच का? तू रंजिताला विचार. तिला ठाव असंल आय मरताना काय बोलली ता.”

सुनेने पाण्याचे तांबे आणून ठेवले. कोणी हात लावला नाही.

जाईला वाटलं आपण उठून चालायला लागलोय. पण ती बसलेलीच होती, आणि तिचा स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला.

“कावळा शिवणार नव्हता, आजी. कोणी मेलेलंच नाही.” ती थांबली. “म्हणजे मला माहीत नाही. रंजिता नाहीये. मीच लिहायचे ते. सगळं माझं खोटं होतं. हिरा हे नावही मी असंच घेतलं.”

निशिगंधा तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, अजून काहीच नव्हतं. जणू कोणी परक्या भाषेत बोललं होतं.

चांगुणाबाईंना कळायला वेळ लागला. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग जाईकडे. “ठिपके?” त्या म्हणाल्या.

“तुम्ही विचारलंत म्हणून मी हो म्हटलं.”

“म्हंजे हिरू जिती हाय?”

“मला माहीत नाही, आजी.”

“मी तिचा दहावा घातला,” चांगुणाबाई पुन्हा म्हणाल्या, पण आता वेगळ्या आवाजात. “जित्या मानसाचा दहावा घातला मी?” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सून धावत येऊन शेजारी बसली. मग त्या बोलल्या, ते जाईकडे न बघता. “निशे, हिला बायेर घेऊन जा.”

बाहेर, गावाच्या कमानीपाशी, निशिगंधा थांबली.

“का?”

जाईने पडताळणी, डेटा, खोट्या खात्यांचा धोका, असं काहीतरी बोलायला सुरुवात केली.

“जाई, का?” निशिगंधा ओरडली. बोंबील राखत बसलेला म्हातारा वळून पाहू लागला. “माझ्याशी भांडायचंस. माझं पोस्टर फाडायचंस. तिनं काय केलं होतं तुझं?”

“तिनं काही नाही.”

“मग तुला माझ्याकडचं काय पाहिजे होतं?”

जाईने विचार केला. लिस्बन? ते तिला आता आठवतही नव्हतं. “सगळं,” ती म्हणाली.

निशिगंधाने समोरून येणारी रिक्षा थांबवली, एकटी आत बसली आणि गेली. जाई तो नाकात झोंबणारा वास घेत मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आली.

*

सोमवारी जाईने स्वतःच संध्या मॅडमना सगळं सांगितलं. निशिगंधाने तोवर तोंड उघडलं नव्हतं. मॅडम ऐकून घेत राहिल्या, मग उठून खिडकी बंद केली, जणू हे बाहेर जायला नको. चौकशी समिती बसली. जाईची नोंदणी वर्षभरासाठी थांबवली गेली. तिचे आधीचे आकडेसुद्धा पुन्हा तपासायचं ठरलं, आणि तिला सगळ्यात जास्त ते लागलं, कारण ते खरे होते. आलेख भिंतीवरून काढले. “परत यायचं असेल तर ये,” मॅडम म्हणाल्या. “पण पहिल्यापासून. आणि माणसांना विचारून.”

घरी विलासरावांनी पहिल्यांदा पेपर बाजूला ठेवला. “त्या म्हातारीची माफी मागितलीस का?” एवढंच त्यांनी विचारलं. जाई दोनदा तिथे गेली. दोन्ही वेळा सुनेने दारातूनच सांगितलं, सासूबाईंना भेटायचं नाही. तिने तिसऱ्यांदा जाण्याचा हट्ट केला नाही.

ग्रुपवर काशीआत्याने काही न लपवता लिहिलं. रंजिता नव्हती, कोणी शिकलेल्या बाईने फसवलं, चूक माझी, मी नीट विचारलं नाही. गदारोळ झाला. काही बायका सोडून गेल्या. काहींनी निशिगंधालाच दोष दिला, आमच्यावर अभ्यास करायला कोण सांगितलं होतं म्हणून. तिने ते ऐकून घेतलं, ते प्रकरण काढून टाकलं आणि लिस्बन सोडून दिलं. मग हळूहळू तिने नवीन लिहायला घेतलं. फसल्यावर या बायका काय करतात, ते. त्यांनी काय केलं, तर शोधायचं थांबवलं नाही. आता त्या हिरूला जिवंत म्हणून शोधत होत्या. नाशिक, भिवंडी, वापी, जिथे कोणाची लेक होती तिथे विचारणा जात होती. हिरू अजून सापडलेली नाही.

जाई वाशीला एका सर्वेक्षण कंपनीत लागली. काम बरं होतं. कधी दुपारी सवयीने हात रंजिताच्या खात्याकडे जायचा आणि ते खातं बंद झालंय हे आठवायचं. मग तिला त्या बायकांची आठवण यायची. ‘जेवलीस का?’ हे त्यांनी जिला विचारलं, ती जाई नव्हती. तिला रंजिताचा अजूनही हेवा वाटायचा.

निशिगंधाच्या प्रबंधाची जाहीर मौखिक परीक्षा होती, त्याची सूचना मॅडमनी तिलाही पाठवली. यायचं की नाही हे तिने शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. आली, ती मागच्या रांगेत बसली. पुढे काशीआत्या, गावातल्या चार-पाच बायका, आणि त्यांच्यामध्ये चांगुणाबाई, नवीन इरकली नेसून. निशिगंधा आता अडखळत नव्हती. खोट्या खात्याचा भाग आला तेव्हा तिने तो लपवला नाही, की रंगवून सांगितला नाही.

“हे खातं चालवणारी व्यक्ती कोण होती?” परीक्षकांनी विचारलं.

“मला माहीत आहे, सर. पण ती माझ्या अभ्यासाची सहभागी नव्हती. तिचं नाव मी सांगणार नाही.”

मागच्या रांगेत जाई पुढे झुकली. आपल्याला हे जमलं असतं का? तिच्या जागी आपण असतो तर नाव, गाव, टेबलाचा नंबर सगळं सांगितलं असतं. एवढं सगळं होऊन गेल्यावर तरी ही जळजळ जाईल असं तिला वाटलं होतं. ती गेली नव्हती. उलट आता तिला निशिगंधाच्या गप्प राहण्याचाही हेवा वाटत होता.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात पेढे वाटले जात होते. जाई खाली उतरायला निघाली, तर निशिगंधाच समोर आली.

“आलीस,” ती म्हणाली.

“छान झालं.”

“हं. परत येणारेस का इकडे?”

“माहीत नाही. तुला बघून अजून पोटात दुखतं माझ्या,” जाई म्हणाली. तिने हे याआधी कोणालाही सांगितलं नव्हतं.

निशिगंधा हसली नाही. “दुखू दे,” ती म्हणाली. “पण तोंडावर सांगत जा. असं.” आणि तिला कोणीतरी हाक मारली म्हणून ती गेली.

जिन्यापाशी एका मुलीने जाईला अडवलं. निशिगंधाची चुलतबहीण असावी, तिला काही ठाऊक नव्हतं. “ताई, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढता का, प्लीज?” म्हणत तिने हातात मोबाइल दिलासुद्धा.

जाईने तो घेतला. बायका दाटीवाटीने उभ्या राहिल्या, निशिगंधा मध्ये, तिचा हात चांगुणाबाईंच्या खांद्यावर. पडद्यावर सगळे चेहरे आले. चांगुणाबाई सरळ समोर पाहत होत्या. त्यांनी तिला ओळखलं होतं. त्या हसल्या नाहीत, पण रांगेतून बाहेरही निघाल्या नाहीत.

जाईने बटण दाबलं. पाहिलं तर काशीआत्याचे डोळे मिटलेले आले होते.

“थांबा,” ती म्हणाली, “अजून एक काढते.”